नऊ वॅटच्या डब्यासाठी बॅटरी : राउटरच्या छोट्या यूपीएसचा एका वर्षाचा अनुभव

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाळ्यात वीज जाणे ही आता बातमी राहिलेली नाही. फणसाची फांदी तारेवर पडली, डीपीचा फ्यूज उडाला किंवा वरच्या वाहिनीवर कुठे बिघाड झाला, की वायरमन भिजत भिजत खांबापर्यंत पोहोचेतो थांबायचे, हे येथे लहान मुलांनाही कळते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली आणि मंडणगड या तालुक्यांतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या मानाने आजचे दोन-तीन तास काहीच नव्हेत. परंतु मी रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, आणि प्रमेयाची सिद्धता अर्ध्यावर आली असताना पडद्यावरून बाई नाहीशा झाल्या, तर परतल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस (वीज गेली तरी बॅटरीवर राउटर चालू ठेवणारा डबा) मी विकत घेतला. पूर्ण एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर त्याविषयी लिहीत आहे. याच ठेवणीचे डबे अनेक कंपन्या विकतात आणि पुढील बहुतेक मुद्दे त्या सर्वांना लागू आहेत, त्यामुळे कंपनीचे नाव देत नाही.

घरात आठ वर्षांपूर्वीचा इन्व्हर्टर असताना ही आणखी एक वस्तू कशाला, असे घरच्यांनी विचारले होते. प्रश्न रास्त होता. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची, म्हणजे कागदोपत्री १,८०० वॅट-तासांची आहे (१,००० वॅट-तास म्हणजे देयकातले एक युनिट). मात्र आमचा जुना इन्व्हर्टर वीज जाताच जो क्षणभराचा खंड पाडतो, तेवढ्यात फायबरचा डबा, म्हणजे आमचा राउटर, बंद पडून पुन्हा सुरू होतो. तो नुसता सुरू होऊन भागत नाही. आधी त्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर उभे राहते, मग पॉनचा, म्हणजे फायबर-जोडणीचा, दिवा लुकलुकत राहून एक्स्चेंजमधील यंत्राकडे नोंदणी होते, त्यानंतर ग्राहक म्हणून ओळख पटते, आणि शेवटी इंटरनेटचा दिवा लागतो. आमच्याकडे या सर्वाला अडीच मिनिटे लागत. वीज पाच वेळा गेली-आली, तर वर्ग दहा वेळा तुटे, कारण वीज परत येतानाही तोच खंड पडे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. फायबरचा डबा मुळात १२ व्होल्टच्या एकदिश (डीसी) विजेवर चालतो. इन्व्हर्टर बॅटरीतील १२ व्होल्टचे २३० व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) विजेत रूपांतर करतो, आणि भिंतीवरचा ॲडॉप्टर त्याच विजेचे पुन्हा १२ व्होल्ट करतो. विहिरीचे पाणी माडीवरच्या टाकीत चढवायचे आणि अंगणातल्या तुळशीला घालण्यासाठी पुन्हा खाली आणायचे, तसा हा प्रकार आहे. दोन्ही वेळा गळती होते. शिवाय इन्व्हर्टरवर भार नगण्य असला, तरी त्याचे रोहित्र स्वतःची वीज खातच राहते. पंखे आणि दिवे चालू असताना ही गळती डोळ्यांत भरत नाही. केवळ राउटरसाठी रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवला, तर ती भरते. छोटा यूपीएस हे दुहेरी रूपांतर टाळतो. त्याच्यात लिथियम-आयन घट (सेल) असतात, ते ॲडॉप्टर आणि डबा यांच्या मध्ये बसतात, आणि वीज गेली तरी डब्याला मिळणारे १२ व्होल्ट क्षणभरही तुटत नाहीत.

विकत घेण्यापूर्वी मी एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येकाने करावी असे मी आग्रहाने सांगेन. आपली उपकरणे खरोखर किती वीज घेतात, ते मोजावे. ॲडॉप्टरवर छापलेला आकडा हा वापर नसून कमाल मर्यादा असते. आमच्या फायबरच्या डब्याबरोबर आलेल्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट असे लिहिलेले आहे. माझा एक जुना विद्यार्थी बाजारात विजेच्या वस्तूंच्या दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याने प्लगमध्ये बसणारे वॅटमापक आठवडाभरासाठी दिले आणि म्हणाला, “बाई, डब्यावरचं वाचू नका, मीटरवरचं वाचा.” मीटरवर रात्री कोणी काही वापरत नसताना ८.६ वॅट दिसत होते आणि वर्ग चालू असताना ९.४. दोहोंतील फरक एका वॅटहूनही कमी आहे. मला याचे नवल वाटले. तोपर्यंत माझी समजूत अशी होती, की चित्रफिती पाहिल्या की राउटर जास्त वीज खातो. प्रत्यक्षात डब्यातील प्रक्रियक, प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग आणि वायफायची दोन्ही (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झची) प्रक्षेपणे हे सारे कोणी वापरो वा न वापरो, जागेच असते. म्हणून नेट कमी वापरले तर वीज वाचते, ही समजूत सोडून द्यावी. काही वाचवायचेच असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन नको असलेले प्रक्षेपण बंद करावे. पाच गिगाहर्ट्झचे प्रक्षेपण बंद केल्यावर आमचे मापन ८.६ वरून ७.४ वॅटवर आले. वापरात नसलेल्या जुन्या संगणकाची लॅन केबल काढल्यावर आणखी सुमारे ०.४ वॅट उतरले.

सरासरी ९ वॅट धरले, तर दिवसाला २१६ वॅट-तास, महिन्याला साधारण साडेसहा युनिट आणि वर्षाला ७९ युनिट होतात. सर्व आकार मिळून युनिटला दहा रुपये हा सोयीचा आकडा धरला, तर वर्षाचे सातशे नव्वद रुपये. ९ वॅटचा एक एलईडी दिवा वर्षभर दिवसरात्र जळत ठेवावा, तेवढी ही वीज आहे. महावितरणच्या देयकात १०० युनिटांपुढे दर चढतो, आणि ज्यांचा महिन्याचा वापर ९५-१०० युनिटांच्या काठावर असतो, अशा लहान घरांना हे साडेसहा युनिट जाणवू शकतात. रात्री आठ तास डबा बंद ठेवल्यास महिन्याला दोन युनिटांहून थोडी अधिक बचत होते. ज्याला करायची त्याने अवश्य करावी. मात्र यूपीएस जोडलेला असेल, तर भिंतीवरचे बटण बंद करून डबा बंद होत नाही, तो बॅटरीवर चालत राहतो आणि रोज रात्री बॅटरी विनाकारण रिती होते. यूपीएसवरचे स्वतंत्र बटण वापरावे. आमच्याकडे हे लक्षात यायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत बॅटरीने सुमारे वीस फुकटच्या फेऱ्या केल्या.

आता मूळ वस्तूकडे येते. यूपीएसचा डबा पाठ्यपुस्तकाच्या निम्म्या आकाराचा आणि हातात हलका आहे. आत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर उंचीचे चार घट आहेत. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत असत, त्याच जातीचे. ॲडॉप्टरची पिन डब्यात जाते आणि डब्यातून निघणारी छोटी वायर फायबरच्या डब्यात. जोडणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. किंमत दीड हजाराच्या आसपास पडली.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ८,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले आहे. या ठिकाणी गिऱ्हाईक हमखास फसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. १२ व्होल्टवर ८ अँपिअर-तास म्हणजे ९६ वॅट-तास असे एखाद्याने गृहीत धरले, तर आमच्या फायबरच्या डब्याला ही बॅटरी बारा तास पुरायला हवी. पण हा आकडा १२ व्होल्टवरचा नाही. प्रत्येकी २,००० मिलिअँपिअर-तासांच्या चार घटांची बेरीज करून तो लिहिलेला असतो, आणि एका घटाचा दाब ३.७ व्होल्ट असतो. म्हणून खरी साठवण ८ गुणिले ३.७, म्हणजे २९.६ वॅट-तास इतकीच आहे. सातवीतल्या मुलालाही येईल असा हा गुणाकार आहे, आणि तो खोक्यावर छापला असता तर गिऱ्हाइकाला काहीच विचारावे लागले नसते. काही डब्यांवर बारीक अक्षरांत वॅट-तास दिलेले असतात. ते शोधून वाचावेत आणि ज्या डब्यावर ते कोठेच नाहीत, तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेच्या प्लगपाशी मोजलेल्या ९.४ वॅटांपैकी सुमारे पाचवा हिस्सा ॲडॉप्टरमध्येच उष्णता होऊन जातो. माझ्या विद्यार्थ्याने मल्टिमीटर लावून पाहिले, तेव्हा फायबरच्या डब्यात प्रत्यक्ष ७.६ वॅट जात होते. पहिल्या आठवड्यात बॅटरी पूर्ण भरून आम्ही प्लग काढला आणि नेहमीप्रमाणे वर्ग घेतला. यूपीएस ३ तास २० मिनिटे चालला. म्हणजे २९.६ पैकी सुमारे २५ वॅट-तास, ८५ टक्के, कामी आले. बाकीचे दाब वाढवून स्थिर ठेवण्यात गेले. एवढ्या किमतीच्या वस्तूकडून मला हे प्रमाण चांगले वाटते. जाहिरातीत ‘चार तासांपर्यंत’ असे म्हटले आहे, आणि ज्यांचा राउटर सहा वॅटच घेतो, त्यांना तो तेवढा नक्कीच पुरेल. या मे महिन्यात तीच चाचणी त्याच रीतीने पुन्हा घेतली, तेव्हा २ तास ५० मिनिटे मिळाली. वर्षभरात वेळ १५ टक्के कमी झाला. लिथियमचे घट सतत पूर्ण भरलेले आणि उबदार राहिले की लवकर म्हातारे होतात, आणि या डब्यात ते नेमके तसेच राहतात. आणखी दोन वर्षांनी माझ्या दोन तासांच्या वर्गाला तो पुरेल की नाही, याची मला शंका आहे. घट सोल्डर केलेले असून खोके बंदिस्त आहे, त्यामुळे घरी ते बदलता येणार नाहीत. बॅटरी बदलून मिळण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी नसणे, ही माझ्या दृष्टीने या वस्तूची सर्वांत मोठी उणीव आहे.

पूर्ण भरल्यावरही यूपीएस स्वतःसाठी सुमारे ०.९ वॅट घेतो. वर्षाला आठ युनिट. हरकत नाही.

ॲडॉप्टरच्या बाबतीत मात्र हयगय चालणार नाही. माहितीपत्रकात २ अँपिअरचा ॲडॉप्टर वापरावा असे एका ओळीत लिहिले आहे, आणि खोक्यात ॲडॉप्टर दिलेला नाही. त्यामुळे बहुतेक लोक फायबरच्या डब्याबरोबर आलेला १ अँपिअरचा ॲडॉप्टरच जोडतात. मीही तसेच केले. वीज परत आल्यावर त्या एकट्या ॲडॉप्टरला डबाही चालवावा लागतो आणि रिकामी बॅटरीही भरावी लागते. साडेसात वॅट आणि वर बॅटरीचे सहा-सात वॅट, हा भार १२ वॅटच्या ॲडॉप्टरला झेपत नाही. आमचा ॲडॉप्टर हात लावता येणार नाही इतका तापला, दाब खाली आला, आणि ज्या खंडासाठी हा सारा खटाटोप केला, तो खंड वीज असताना पडू लागला. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा ॲडॉप्टर वेगळा घेतला आणि तापणे थांबले. तो घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि तिच्याखालचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. लाकडी फडताळात चोवीस तास चालणाऱ्या वस्तूसाठी शंभर रुपये वाचवू नयेत. माझ्या मते हा ॲडॉप्टर खोक्यातच असायला हवा होता, मग किंमत दोनशे रुपयांनी वाढली असती तरी चालली असती.

ऑगस्टमध्ये एक त्रास झाला. वीज असतानाही फायबरचा डबा दिवसातून तीन-चारदा आपोआप बंद पडून सुरू होऊ लागला. सेवाकेंद्राला फोन केला, तेव्हा वस्तू पुण्याला पाठवा असे सांगण्यात आले. ऐन वर्गाच्या दिवसांत ते शक्य नव्हते. अखेर दोष पिनेत सापडला. या पिना बाहेरून साडेपाच मिलिमीटरच्याच असतात, पण आतले भोक कधी २.१ तर कधी २.५ मिलिमीटरचे असते. यूपीएसबरोबर आलेल्या वायरचे भोक मोठे होते, आमच्या डब्यातला मधला खिळा बारीक होता, आणि पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली तरी संपर्क तुटत होता. योग्य मापाची वायर दुकानातून साठ रुपयांना मिळाली, आणि त्यानंतर ही तक्रार एकदाही आली नाही.

पिनेचाच आणखी एक धोका याहून गंभीर आहे. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. त्या जाड भिंतींपुढे वायफाय माजघरातून पडवीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून पडवीत दुसरा छोटा राउटर लावावा लागला. कोकणातल्या जुन्या घरांत हे सर्रास दिसते. हा राउटर ९ व्होल्टचा आहे, प्लगपाशी साडेतीन वॅटच घेतो, आणि त्याची पिनही हुबेहूब तशीच आहे. म्हणजे १२ व्होल्टची वायर त्यात सहज बसते. काही राउटर हा जादा दाब सोसतात, काहींच्या आतील भाग जळतो. प्रयोग करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे. आम्ही दोन्ही वायरींना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. आमचा यूपीएस फक्त १२ व्होल्टचा असल्याने पडवीतला राउटर वीज जाताच बंद पडतो, आणि मला वर्गासाठी माजघरातच बसावे लागते. ज्यांच्याकडे अशी दोन निरनिराळ्या दाबांची उपकरणे आहेत, त्यांनी ५, ९ आणि १२ व्होल्ट असे तिन्ही दाब देणारा डबा घ्यावा, आणि त्याचे वॅट-तास दोन्ही उपकरणांच्या बेरजेने भागून पाहावेत.

हा यूपीएस कोणाच्या उपयोगाचा नाही, हे सांगणे तितकेच आवश्यक आहे. जुना काळा टेलिफोन भारनियमनातही चालू असायचा, कारण तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्ट वीज थेट घरापर्यंत येत असे. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, फक्त प्रकाश येतो. म्हणून फायबरच्या दोन्ही टोकांना आपापली वीज लागते. घरच्या टोकाची सोय आपण करू शकतो, पलीकडची नाही. त्यातल्या त्यात समाधानाची बाब अशी, की एक्स्चेंजपासून घरापर्यंत मध्ये जे प्रकाशाचे विभाजक असतात, त्यांना वीज लागत नाही. त्यामुळे सारा गाव अंधारात असला, तरी एक्स्चेंजची बॅटरी चालू असेपर्यंत जोडणी जिवंत राहते. आमच्याकडे ती राहते. पण शहरांतील अनेक इमारतींत फायबर जिन्याखालच्या किंवा गच्चीवरच्या एका स्विचपर्यंतच येते आणि तेथून घरोघरी लॅनची वायर जाते. इमारतीची वीज गेली की तो स्विचच बंद पडतो, आणि मग घरातला राउटर यूपीएसवर कितीही तास चालला, तरी नुसते दिवेच लागतात. खरेदीपूर्वी शेजारी ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यांना एकच प्रश्न विचारावा : वीज गेल्यावर तुमचे नेट चालू राहते का? नाही असे उत्तर आले, तर पैसे खर्च करू नयेत.

गेल्या जुलैमध्ये एकदा नऊ तास वीज नव्हती, आणि तेव्हा आम्हाला योग्य जुळणी सापडली. यूपीएसचा ॲडॉप्टर आम्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर लावला. आता वीज जाताना आणि येताना पडणारा खंड यूपीएस भरून काढतो, पुढचे तास इन्व्हर्टर सांभाळतो, आणि इन्व्हर्टरने मान टाकली, तरी यूपीएसचे पावणेतीन तास हातात राहतात. त्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर बंद करून ठेवला, यूपीएस उतरत आल्यावर चालू करून तो भरून घेतला, आणि संध्याकाळचा वर्ग पूर्ण झाला. काही घरांत इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या टोकांनाच वायर जोडून राउटर चालवलेला मी पाहिला आहे. असे करू नये. शिशाची बॅटरी भरत असताना तिचा दाब १४ व्होल्टांच्याही वर जातो, आणि मध्ये फ्यूज नसेल, तर वायर घासून आग लागण्याची भीती असते.

वळवाच्या पावसात, ढगांचा गडगडाट सुरू झाला की, मी अजूनही ॲडॉप्टर प्लगमधून काढून ठेवते. पूर्वी टेलिफोनच्या तारेतून आलेल्या विजेने आमचे दोन मोडेम जळाले होते. फायबरमुळे तो मार्ग बंद झाला, पण वीजजोडणीचा मार्ग खुलाच आहे, आणि दीड हजाराचा हा डबा तडित-संरक्षक नाही. फरक इतकाच, की आता प्लग काढल्यावरही माजघरातल्या फडताळावर चारही हिरवे दिवे लागलेले असतात आणि पडद्यावरची मुले पुढचे उदाहरण विचारत असतात.